टँकरवर ड्रायव्हर ठेवताना काय काय बघायचं – मनमाडकडच्या एका गाडीमालकाकडून

परवा ओळखीतल्या एका पोराचा फोन आला. त्यानं दोन नवीन टँकर घेतलेत, ऑइल कंपनीत लागलेत, आणि विचारत होता की दादा ड्रायव्हर कुठं मिळतील, कोणाचा नंबर असेल तर द्या ना. मी म्हटलं नंबर देतो, पण नंबर दिल्यानं ड्रायव्हर मिळत नाही रे बाबा, माणूस बघावा लागतो. मग तासभर बोलत बसलो. नंतर वाटलं की हे नुसतं फोनवर सांगण्यापेक्षा नीट लिहूनच काढावं, कारण नवीन मालक सगळे हीच चूक करतात आणि मी पण केलेली आहे.

आमच्या गाड्या मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोतून भरतात. पेट्रोल-डिझेल घेऊन धुळे, जळगाव, नंदुरबार, संभाजीनगर, नगर असं सगळीकडे जातात. म्हणून मी मुख्यतः पेट्रोल-डिझेलचंच सांगणार, पण गॅसचा बुलेट, म्हणजे लांबट गोल टाकीचा गॅस टँकर असो, मळी-इथेनॉल असो नाहीतर दुधाचा टँकर असो, बरंचसं सगळ्यांना लागू पडतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा की टँकर म्हणजे ट्रक नाही. पंधरा वर्षं ट्रक चालवलाय असं कोणी म्हणाला की आपण खूष होतो, पण सिमेंटच्या गोण्या जागेवर बसतात, डिझेल बसत नाही. ब्रेक मारला की गाडी थांबते पण आतला माल थांबत नाही, तो पुढं येऊन आपटतो, मागं जातो, परत पुढं येतो. वळणावर तो बाहेरच्या अंगाला चढतो आणि टँकरचा भार आधीच उंचावर असतो, म्हणून जे वळण ट्रक सहज मारतो त्याच वळणावर टँकर आडवा होतो. आणि यात सगळ्यात वाईट म्हणजे अर्धी भरलेली गाडी. गच्च भरलेल्या कप्प्यात हिंदकळायला जागाच कमी असते. पण पहिल्या पंपावर थोडा माल उतरवून दुसऱ्या पंपाकडं निघालेली गाडी, तिथं खरी परीक्षा. आमच्या गाड्यांना निदान कप्पे असतात, दुधाच्या टँकरला धुवायला सोपं जावं म्हणून आतून गुळगुळीत ठेवतात, मध्ये काही नसतं, त्यामुळे तो अजून जास्त डचमळतो. हे ज्याला कळत नाही त्याचा ट्रकचा अनुभव उलट नडतो, कारण त्याला वाटतं की मला सगळं येतं.

लायसन, आणि ते कसं तपासायचं

लायसन बघितलं असं सगळेच म्हणतात. बघितलं म्हणजे काय, तर हातात घेतलं, फोटो जुळला, झेरॉक्स काढली, फाइलला लावली. हे बघणं नाही. परिवहनच्या सारथी पोर्टलवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाका, सगळं समोर येतं. तिथं ट्रान्सपोर्टची मुदत वेगळी दिसते आणि हॅझार्डसची, म्हणजे धोकादायक मालाची, मुदत वेगळी दिसते, ती हॅझार्डसची ओळ बघायची. ती रिकामी असेल तर तो माणूस कितीही चांगला असला तरी आज पेट्रोलच्या गाडीवर बसू शकत नाही. ट्रान्सपोर्टचं लायसन पाच वर्षं चालतं पण धोकादायक मालाचं तीनच वर्षं, आणि इथंच लोक फसतात, कार्डावरची मोठी तारीख बघतात आणि हॅझार्डसची संपलेली असते.

हे हॅझार्डस मिळतं कसं तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९ आहे, त्याप्रमाणे सरकारमान्य संस्थेत तीन दिवसांचं ट्रेनिंग करावं लागतं, आणि पुढं नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाचं. त्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मागा, आणि नुसतं मागू नका तर त्याला विचारा की कुठं झालं, किती दिवस झालं, काय शिकवलं. जो खरंच बसलाय तो काहीतरी सांगतोच, निदान आग विझवायचं सिलेंडर हातात घेऊन चालवलं होतं, व्हिडिओ दाखवले होते असं काहीतरी. जो म्हणतो "ते काय एजंटनं करून दिलं शेठ", तो प्रामाणिक आहे हे मान्य, पण त्याला आधी खरं ट्रेनिंग द्या आणि मगच गाडी द्या.

काही जण २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचं नाव घेतात, की आता हलक्या गाडीच्या लायसनवर सगळं चालतं. तसं नाहीये. तो निकाल साडेसात हजार किलोच्या आतल्या गाड्यांचा आहे, आपल्या टँकरचा त्याच्याशी संबंध नाही आणि धोकादायक मालाच्या वेगळ्या अटी तशाच आहेत. उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिली हीच नोंद बघते. नोंद नसली की एकतर हात वर करते नाहीतर पैसे भरते आणि मग मालकाकडून वसूल करायला लागते. दोन गाड्यांचा मालक त्यातून वर येत नाही.

वाचता येतं का

याच नियम ९ मध्ये अजून एक अट आहे जी कोणी मनावर घेत नाही, ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला पाहिजे. मी पण मनावर घेतली नव्हती.

सुरुवातीच्या वर्षातली गोष्ट आहे. दिवाळीचे दिवस, मागणी जोरात, माझा एक ड्रायव्हर गावी गेला तो आलाच नाही, म्हणून घाईत एक ठेवला. गाडी सुरेख चालवायचा, त्यात खोट नव्हती. एका पंपावर गेला, गाडीत दोन कप्पे डिझेल, एक पेट्रोल. चलनावर पेट्रोलला एमएस लिहितात आणि डिझेलला एचएसडी, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याला ती अक्षरं वाचता येत नव्हती, तो कप्पे लक्षात ठेवून चालायचा, पुढचा अमुक मागचा तमुक. त्या दिवशी डेपोत भरताना क्रम बदलला होता. पंपावरच्या पोराचं लक्ष नव्हतं आणि डिझेलच्या टाकीत पेट्रोल जायला लागलं. वासावरून कोणाच्या तरी लक्षात आलं तोपर्यंत बरंच गेलं होतं. पंप बंद, टाकी रिकामी करायचा खर्च, मालाचं नुकसान, कंपनीची नोटीस. पण त्याहीपेक्षा मला आजही आठवतो तो त्याचा चेहरा, पाइप हातात धरून उभा होता आणि म्हणत होता शेठ मी विचारणार होतो पण लाज वाटली.

तेव्हापासून मी काय करतो, तर बोलता बोलता जुनं चलन त्याच्यापुढं ठेवतो आणि म्हणतो जरा वाच बरं, कोणत्या कप्प्यात काय आहे, किती आहे, कुठं उतरवायचंय. मग गाडीच्या मागच्या पाटीचा फोटो दाखवतो आणि त्यावरचा नंबर विचारतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे एलपीजी. सगळे पाठ नसले तरी चालेल, पण तो नंबर कशासाठी असतो हे माहीत पाहिजे, कारण गाडी पलटी झाली आणि ड्रायव्हर बेशुद्ध असला तर फायर ब्रिगेडला आत काय आहे ते त्या पाटीवरूनच कळतं. तसंच ट्रेमकार्ड, म्हणजे गाडीत कोणता माल आहे आणि काही झालं तर काय करायचं हे लिहिलेला कागद. केबिनमध्ये ते कागद ठेवणं ही ड्रायव्हरची जबाबदारी आहे, आणि निम्म्या गाड्यांत ते सीटखाली तेलकट होऊन पडलेलं असतं.

बोलताना काय विचारायचं

"गाडी येते का" हा प्रश्न विचारूच नका, त्याला "नाही" असं उत्तर कोणीच देणार नाही. मी प्रसंग सांगतो आणि गप्प बसतो. गाडी पंपावर खाली होतेय, बाजूला एक जण बिडी पेटवून उभा राहिला, तो गावचा पुढारी आहे, तू काय करशील? डेपोतून निघालास, दहा किलोमीटरवर कळलं की ब्रेकचं एअर प्रेशर नीट बनत नाहीये, पंप कोरडा पडलाय आणि मी फोनवर ओरडतोय की लवकर पोच, तू काय करशील? चाळीसगावहून संभाजीनगरला माल न्यायचाय, कुठून जाशील? कन्नड घाटातून म्हणाला तर समजा की बऱ्याच दिवसात त्या बाजूला गेलेलाच नाही, कारण तिथं कोर्टाच्या आदेशानं २०२३ मध्ये अवजड गाड्यांना बंदी झाली. म्हणजे तुम्हाला नांदगाववरून फिरून जायचं हे माहीत असणारा माणूस पाहिजे, किंवा निदान "विचारून सांगतो" म्हणणारा.

हायवेवर पंप पलीकडच्या अंगाला असला तर कुठून वळवशील, हे पण विचारतो. डिसेंबर २०२४ मध्ये जयपूरजवळ भांकरोट्याला हेच झालं, एलपीजीचा टँकर पहाटे हायवेवर यू-टर्न घेत होता, समोरून ट्रक येऊन आदळला, गॅस सुटला आणि आजूबाजूच्या गाड्यांसकट माणसं जळाली. चूक कोणाची ते कोर्ट बघेल, पण भरलेला टँकर हायवेवर आडवा करणं हीच गोष्ट अशी आहे की अजून चार किलोमीटर पुढं जाऊन पुलाखालून वळावं. जो म्हणतो "तिथं सगळेच वळवतात", त्याच्याबद्दल मी दोनदा विचार करतो.

आणि आगीबद्दल. उत्तर असं यायला पाहिजे की इंजिन बंद, बॅटरीचा मेन स्विच बंद, माणसं लांब, ११२ किंवा १०१ ला फोन, आणि सिलेंडर मारायचा तो टायर किंवा केबिनच्या छोट्या आगीवर, टाकीनं पेट घेतला असेल तर पळायचं आणि लोकांना पळवायचं. एलपीजी असो की पेट्रोलची वाफ, ती हवेपेक्षा जड असते, खाली बसते, नाल्यात उतरते, म्हणून वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला आणि उंचावर जायचं. हे ज्याला सांगता येत नाही त्याला शिकवता येतं, ती अडचण नाही. पण "काही होत नाही शेठ, वीस वर्षात कधी झालं नाही" असं म्हणणारा मी ठेवत नाही, मग त्याची शिफारस कोणी का केलेली असेना.

सगळ्या प्रश्नांतून मी एकच बघत असतो, या माणसाला नाही म्हणता येतं का. मला नाही म्हणता येतं का, पंपवाल्याला येतं का, डेपोतल्या साहेबाला येतं का. नुसता हो शेठ हो शेठ करणारा ड्रायव्हर मालकाला फार आवडतो आणि तोच झोपेत गाडी चालवतो, कारण थांबतो कसं म्हणायचं हे त्याला जमत नाही.

तब्येत

लायसनसाठी डॉक्टरचा फॉर्म १-अ असतो पण तो कसा मिळतो हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही स्वतः खर्च करा, डोळे तपासून घ्या, रंग ओळखतो का बघा, शुगर आणि बीपी बघा. शुगर आहे म्हणून नाकारू नका, गोळ्या घेतो का आणि जेवण वेळेवर होतं का ते बघा. अजून एक प्रश्न जो कोणी विचारत नाही, घोरतोस का? जाड मानेचा माणूस, जोरात घोरतो आणि दिवसा बसल्याबसल्या डुलकी लागते, असं असेल तर त्याला झोपेचा आजार असू शकतो, रात्रभर झोपून पण त्याची झोप झालेली नसते. हे त्याला स्वतःला माहीत नसतं, त्याच्या जुन्या क्लीनरला विचारा, तो लगेच सांगेल. उपचार होतो, डॉक्टरकडं पाठवा.

दारूबद्दल लिहायची गरज नाही, तोंडात फुंकायचं मशीन घ्या आणि सगळ्यांना लावा, जुन्यांना पण, म्हणजे नव्याला अपमान वाटत नाही. बिडी-सिगारेट सोडता येत नसेल तर पेट्रोलच्या गाडीवर नकोच. जागं राहायच्या गोळ्या खातो का हे मात्र सरळ विचारून कळत नाही, जुन्या सोबत्यांकडून काढावं लागतं.

जुनी चौकशी

जुन्या मालकाला फोन करा पण त्याच्या बोलण्यावर पूर्ण विसंबू नका, कधी तो चांगला माणूस सोडायला नको म्हणून वाईट सांगतो, कधी ब्याद टळावी म्हणून गोड बोलतो. मी ज्या पंपावर तो माल उतरवायचा तिथल्या मॅनेजरला विचारतो. त्याला सगळं माहीत असतं, माल कधी कमी आला, सील कसं होतं, उतरवताना गाडीजवळ उभा राहायचा की झाडाखाली झोपायचा. चारित्र्य पडताळणीचा पोलिसांचा दाखला घ्याच, आणि डेपोच्या काळ्या यादीत गाडी किंवा माणूस आहे का ते ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात विचारून घ्या.

आमच्या भागात हा विषय वेगळाच आहे. २५ जानेवारी २०११ ला पानेवाडीजवळ ढाब्यामागं टँकरमधून तेल काढायचा प्रकार पकडायला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे गेले आणि त्यांना तिथंच जिवंत जाळलं. आमच्यापैकी कोणीही तो दिवस विसरलेलं नाही. दहा-वीस लिटर काढणं याला काही जण अजून खुराकी समजतात. माझं म्हणणं असं की जो ड्रायव्हर सील उघडतो तो नुसता चोर नाही, तो ढाब्याच्या चुलीजवळ गाडी लावून झाकण उघडणारा माणूस आहे. म्हणून चोरी आणि सेफ्टी या दोन वेगळ्या गोष्टी समजू नका. आता जीपीएस आणि डिजिटल लॉक आलेत, त्यामुळे कमी झालंय, पण रोज गाडी कुठं किती वेळ थांबली हे बघायची सवय ठेवा, आणि जास्त वेळ थांबली तर ओरडायच्या आधी विचारा, चांगला माणूस चहाला आणि झोपेला पण थांबतो.

गाडीवर बसवून बघणं

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच लोक गल्लीत एक चक्कर मारून उरकतात. रिकाम्या टँकरवर टेस्ट घेऊन काही कळत नाही. आणि भरलेल्या पेट्रोलवर नवा माणूस बसवायचा नाही. मी काय करतो, आमच्याकडं मनमाड-येवल्याच्या पट्ट्यात पाण्याच्या टँकरला तोटा नाही, ओळखीच्याचा दहा हजार लिटरचा घेतो आणि मुद्दाम अर्धाच भरतो. त्याला आतून कप्पे नसतात, पाणी नुसतं धिंगाणा घालतं. मी शेजारी बसतो, बोलत नाही.

पहिला स्पीडब्रेकर येऊ द्या. कच्चा माणूस जवळ जाऊन ब्रेक दाबतो, गाडी थांबते, तो पाय काढतो, आणि तेवढ्यात आतलं पाणी पुढच्या पत्र्यावर येऊन आपटतं, गाडी हातभर पुढं सरकते. समोर मोटारसायकल असती तर ती गेली. जाणता माणूस लांबूनच गिअर खाली आणतो, हळू दाबतो, आणि थांबल्यावर पण पाय ठेवून बसतो, मागून येणारा धक्का अंगावर घेतो, तो गेला की मग पाय काढतो. तो धक्का पाठीला जाणवतो, पहिला मोठा, मग दुसरा छोटा, मग नुसती थरथर. आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, सगळे त्याला मामा म्हणतात, तो तर मनातल्या मनात मोजतो. मी एकदा विचारलं, काय मोजता मामा, तर म्हणाले, पाणी घरी येईपर्यंत थांबतो.

मग वळण. वळणात शिरायच्या आधी वेग कमी झाला पाहिजे, वळणात ब्रेक दाबला की संपलं. मग राहुडचा घाट, नाहीतर तुमच्या जवळ जो असेल तो. उताराला हात गिअरकडं गेला आणि गाडी न्यूट्रल केली, की मी खाली उतरून चहा पाजून घरी पाठवतो. डिझेल वाचवायला उताराला न्यूट्रल करणं किंवा इंजिनच बंद करणं ही सवय इतकी भिनलेली आहे की हात आपोआप जातो. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणं बंद, स्टेअरिंग जड, आणि गाडी फक्त नशिबावर. पुण्यात नवले पुलाजवळ नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीनं उतारावर डझनावारी गाड्या ठोकल्या, तेव्हा पोलिसांनी हेच कारण सांगितलं होतं. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुने लोक सांगतात ते बरोबर आहे.

वेगाचं पण सांगतो. टँकरला आणि धोकादायक मालाच्या गाडीला स्पीड गव्हर्नर ६० वर लावलेला असतो. काही ड्रायव्हर कौतुकानं सांगतात की मला ती वायर कुठून काढायची ते माहीत आहे. हे ज्ञान असलेला माणूस नको.

जून २०२३ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर लोणावळ्याजवळ कुणे पुलावर मिथेनॉलचा टँकर पलटी होऊन पेटला, चार जण गेले, आणि जळतं केमिकल पुलाखालच्या रस्त्यावर पडलं. खालून जाणाऱ्यांचा वर काय चाललंय याच्याशी काही संबंध नव्हता. म्हणून टेस्ट घेताना मला कोणाची भीड वाटत नाही, नात्यातला असला तरी.

माल उतरवताना बघा

अर्धे लोक इथंच नापास होतात. त्याला एखाद्या जुन्या ड्रायव्हरबरोबर पंपावर पाठवा आणि तुम्ही लांब उभे राहून बघा. गाडी सपाट जागी, तोंड बाहेरच्या रस्त्याकडं, म्हणजे काही झालं तर रिव्हर्स न घेता काढता येते. इंजिन बंद, हँडब्रेक, चाकाला ठोकळा. मोबाइल केबिनमध्ये. सिलेंडर खाली उतरवून हाताशी. मग ठिणगी पडू नये म्हणून लावतात ती अर्थिंगची क्लिप, आणि ती रंगावर लावतो का उघड्या धातूवर लावतो ते बघा, रंगावर लावलेली क्लिप म्हणजे लावलीच नाही. गाडी आल्या आल्या झाकण उघडत नाहीत, थोडा वेळ माल शांत होऊ देतात, मग सील दाखवायचे, डिप बघायची म्हणजे काठी टाकून माल किती आहे ते मोजायचं, मालात पाणी आहे का ते पेस्ट लावून बघायचं, आणि कोणत्या कप्प्याचा पाइप कोणत्या टाकीला हे पंपवाल्याबरोबर दोघांनी मिळून वाचायचं. माल चालू असताना पाइपजवळून हलायचं नाही. जेवायला बोलावलं तरी नाही.

आणि गाडी पलटी झाली तर गर्दी. लोक डबे घेऊन धावतात, आपल्याकडं पण धावतात. पाकिस्तानात अहमदपूर शर्कियाला जून २०१७ मध्ये उलटलेल्या टँकरमधलं पेट्रोल गोळा करायला लोक जमले आणि आग लागून दोनशेच्या वर माणसं गेली. ड्रायव्हरला सांगून ठेवा की तुला हात जोडावे लागले तर जोड, शिव्या द्याव्या लागल्या तर दे, पण माणसं लांब ठेव, पोलिसांना लगेच कळव आणि मग मला. मार खायच्या भीतीनं पळून गेला तर मी समजू शकतो, पण चौकीत जाऊन सांगितलंच पाहिजे, नियमातच आहे ते.

ठेवल्यावर

पहिला महिना एकट्याला सोडू नका. आधी जुन्याबरोबर, दिवसाच्या आणि ओळखीच्या रूटवर, आधी डिझेल आणि मग पेट्रोल, घाट सगळ्यात शेवटी. कंपनीचं ओळखपत्र, ट्रेनिंग हे सगळं होईपर्यंत थोडा धीर धरा, गाडी दोन दिवस उभी राहिली तर हप्ता बुडत नाही.

पगार ट्रिपवर देऊ नका. ट्रिपवर दिला की तुम्हीच त्याला पळायला सांगताय, तोंडानं कितीही हळू जा म्हणा. महिन्याचा ठरलेला पगार द्या, भत्ता वेगळा, डेपोत लाइनमध्ये बारा तास काढले तर त्याचे पण पैसे, कारण लाइनमध्ये झोप होत नाही आणि तोच माणूस पुढं गाडी चालवणार असतो. १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ होते, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवीन कामगार संहिता आली. पीएफ, विमा, आजारपणात सुट्टी हे सगळं करा. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नवीन कायद्याविरुद्ध ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या, पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा दोन दिवसात सगळ्यांना कळलं की हा माणूस काय करतो ते. माझ्याकडं त्यातले पण होते, मी एकाचीही गैरहजेरी लावली नाही, अपघात झाला तर आपलं काय होणार ही त्यांची भीती खरी आहे.

आणि शेवटचं म्हणजे फोन. ड्रायव्हर गाडीवर असताना मालकानं फोन करायचा नाही. जीपीएसवर गाडी दिसते, मग कशाला करायचा? मला हे जमायला फार वर्षं लागली.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. नवीन ठेवलेला पोरगा, तिसरा महिना चालू होता. मे महिन्याची दुपार, पावणेतीन वाजले असतील, धुळ्याच्या पुढच्या पंपाचा माल, आणि त्या पंपवाल्याचे सकाळपासून मला चार फोन झालेले. तेवढ्यात पोराचा फोन आला. "शेठ, डोळे मिटतायत. गाडी बाजूला घेतलीये, झाडं आहेत, वस्ती नाही. तासभर पडतो. पंपवाल्याला तुम्ही सांगता का, मला ते ऐकून घेणार नाहीत." माझ्या तोंडात शिवी आली होती हे मी कबूल करतो. गिळली. म्हटलं झोप, मी बघतो. पंपवाला जे बोलायचं ते बोलला, मी ऐकून घेतलं. सव्वाचारला मोबाइलवर गाडीचा ठिपका हलला, आणि मग त्याचा मेसेज आला, तोंड धुतलं, टायर बघितले, निघालो.